पन्नाशीनंतर व्यायाम झाला की पोटरीत गोळा: आल्यावर काय करायचं, येऊ नये म्हणून काय करायचं

रंकाळा_सहाची_फेरी | ४ मे, रात्री ९.१२

रंकाळ्यावर सकाळी चालणाऱ्या पन्नास-साठीच्या मंडळींत हल्ली गुडघ्यापेक्षा पोटरीची चर्चा जास्त. फेरी होते, घाम निथळतो, मंडळी कट्ट्यावर टेकतात आणि उठताना कुणाच्या तरी पोटरीत गोळा. नाहीतर दिवसभर काही नाही, रात्री तीनला अंथरुणात पाय ताणला की वांब. उपाय विचारावा तर दहा जणांचे बारा: केळं, शहाळं, मॅग्नेशियम, ओआरएस, तिळाचं तेल, झोपताना लोणच्याची फोड.

इथं फिजिओ आहेत, मेडिकलवाले आहेत, तालमीतले आणि डोंगर फिरणारेही आहेत. गोळा आला त्या क्षणी काय करायचं, तो येऊ नये म्हणून काय करायचं आणि डॉक्टरकडे कधी पळायचं, एवढं नीट एका जागी यावं. एकच विनंती, "आमच्या मावशीला अमक्यानं फरक पडला" नको. का पडतो ते सांगा.

घोटा_ते_गुडघा | ४ मे, रात्री १०.०५

आधी त्या क्षणाचं. पोटरीत गोळा आला की माणूस दोन चुका करतो. पाय आखडून घेतो आणि गोळ्यावर अंगठ्यानं जोरात दाबतो. दोन्हींनी गोळा वाढतो.

जमिनीवर किंवा पलंगावर बसा. गुडघा सरळ करा, पूर्ण सरळ. पंचा किंवा टॉवेल चवड्याखालून घालून दोन्ही टोकं हातात धरा आणि पाऊल सावकाश नडगीकडे ओढा. हिसका नको. ओढ लागेल तिथं थांबून २०-३० सेकंद धरा. गोळा सुटायला लागतो तेव्हा स्नायू आत फडफडतो, तेव्हा सोडायचं नाही. फडफड पूर्ण थांबली की सैल सोडा, १० सेकंद थांबा, परत ओढा. असं दोन-तीन वेळा.

गुडघा सरळ का? पोटरीचा वरचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वरून निघतो आणि टाचेला येतो, म्हणजे दोन सांधे ओलांडतो. गुडघा वाकलेला ठेवून पाऊल कितीही ओढलं तरी तो पुरता ताणला जात नाही. दहातले आठ जण इथंच चुकतात आणि म्हणतात, "ओढून काही होत नाही."

सुटल्यावर टाचेकडून गुडघ्याच्या दिशेनं हलक्या हातानं चोळा आणि दोन-चार मिनिटं घरात सावकाश चाला. पुढचा काही वेळ तो स्नायू चिडलेला असतो, लगेच चवड्यावर उभं राहिलात तर दुसरा गोळा ठरलेला. दुसऱ्या दिवशी पोटरी ठणकली तर घाबरू नका, ते अंग दुखल्यासारखंच आहे.

मीठभाकर | ४ मे, रात्री १०.२०

रस्त्यात चालताना आला तर? तिथं पंचा कुठला आणि बसायचं तरी कुठं.

घोटा_ते_गुडघा | ४ मे, रात्री १०.३१

भिंत, झाड, विजेचा खांब, रंकाळ्याचा कठडा, काहीही चालतं. दोन्ही हात टेकवा, गोळ्याचा पाय मागे, गुडघा ताठ, टाच जमिनीला चिकटलेली, पाऊल सरळ पुढे. दुसरा गुडघा वाकवत कमरेतून पुढे झुका. टाच उचलली गेली की उपयोग शून्य.

मांडीच्या मागे आला तर आडवं होऊन पाय सरळ वर, गुडघा हळूहळू उघडायचा. मांडीच्या पुढे आला तर उलट, आधार धरून टाच कुल्ल्याकडे. तळपायाला आला तर अंगठा वर ओढा किंवा नुसतं सपाट थंड फरशीवर पूर्ण भार देऊन उभं राहा.

रंकाळा_सहाची_फेरी | ५ मे, सकाळी ७.४८

ताणल्यानं सुटतो हे पटलं. पण येतो का? आणि वयानंच का?

घोटा_ते_गुडघा | ५ मे, दुपारी १.१५

स्नायूच्या आत ताण मोजणारे संवेदक असतात, ते मज्जारज्जूला "आवळ" म्हणून सांगतात. स्नायू जिथं कंडरा होऊन हाडाला चिकटतो तिथं दुसरे असतात, ते "पुरे, सोड" सांगतात. स्नायू दमला की पहिल्याचा आवाज चढतो आणि दुसऱ्याचा बसतो. त्यात स्नायू आखूड अवस्थेत असेल, म्हणजे चवडे खाली टोकावलेले असतील, तर कंडरेवर ओढच नसते आणि "सोड" सांगणारा गप्पच. मग आवळलेला स्नायू आवळलेलाच राहतो. पाऊल ओढल्यावर कंडरा ताणली जाते, गप्प बसलेला बोलायला लागतो, गोळा सुटतो. व्यायामातल्या गोळ्याची आज सर्वात जास्त मानली जाणारी मांडणी हीच आहे.

आता रात्रीचा बघा. आपण झोपतो तेव्हा पावलं आपोआप टोकावतात. वर जड घोंगडी किंवा गादीखाली घट्ट खोचलेली चादर असली तर आणखी. पोटरी आखूड, दिवसभर दमलेली. झोपेत आळस दिला, चवडे ताणले, झालं काम.

वयाचं म्हणाल तर स्नायूंना चालवणारे काही चेतातंतू कमी होतात. उरलेले शेजारच्या तंतूंचं काम अंगावर घेतात, म्हणजे एकेकाकडे जास्त पसारा. स्नायूंचं वजनही घटतं, त्यामुळे तेच अंतर, तोच चढ, पण पोटरीला आता तो तिच्या ताकदीच्या मोठ्या हिश्शाचा पडतो. दमते लवकर. आणि तहान उशिरा लागते, ही साठीतली ठरलेली गोष्ट.

लाल_माती | ५ मे, रात्री ८.४०

तालमीत हे रोज दिसतंय. गंगावेस असू दे नाहीतर शाहूपुरी, पन्नाशीत परत आखाड्यात उतरणारा गडी पहिल्याच दिवशी विशीतला आकडा काढायला बघतो. छाती साथ देते, पोटरी देत नाही.

बैठकीचं बघा. आपली देशी बैठक चवड्यावर असते, खाली जाताना टाचा उचलतात. म्हणजे गुडघा वाकलेला, चवडे टोकावलेले, पोटरी आखूड आणि वर सगळा भार तिच्यावर. वर फिजिओ सायबांनी जे सांगितलं त्याचं हे चालतंबोलतं चित्र. पन्नाशी पार केलेल्यानं पहिले तीन आठवडे टाचा टेकवून अर्धी बैठक मारावी, मांडी जमिनीला समांतर व्हायच्या थोडी आधी थांबावं. १०-१० च्या तीन फेऱ्या, मध्ये दीड-दोन मिनिटं, आणि एक दिवस आड. आठवड्याला दहा टक्क्यांवर वाढ नको. चवड्यावरची बैठक नंतर, आणि तीही भिंतीला हात लावून.

दुसरं, मेहनत झाली की गडी लगेच मांडी घालून थंडाईला बसतो. ते नको. आठ-दहा मिनिटं आखाड्याभोवती फिरायचं, मग भिंतीला ताण, मग थंडाई. बदाम कुठं पळून जात नाहीत.

पन्हाळवाट | ५ मे, रात्री ९.२६

चालणाऱ्यांचंही तेच. फेरी संपली की गाडीला किक आणि थेट मिसळ. बाकड्यावर गुडघे वाकलेले, चवडे खाली टेकून टाचा वर. अर्ध्या तासानं उठताना "आई गं". दोष मिसळीला देऊ नये, रांगेत थांबलाय तोवर भिंतीला ताण देता येतो.

उतारावरचं वेगळं सांगतो. पन्हाळा किंवा जोतिबा चढताना लोक जपतात आणि उतरताना धावतात. उतरताना स्नायू लांब होत असताना भार पेलतो, तंतूंची झीज त्यात जास्त होते, दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. जुलैतल्या पन्हाळा-पावनखिंड वाटेवर चिखल असतो, बोटं आवळून आवळून चालावं लागतं, तिथं तळपायाला आणि पोटरीला सारखेच गोळे. काठी दोन हातांत दोन घ्या, पावलं आखूड टाका, दर ४५ मिनिटांनी थांबा आणि थांबल्यावर बसू नका, एकेक टाच दगडावरून खाली सोडून ३० सेकंद उभं राहा. जायच्या आधी सहा आठवडे आठवड्यातून दोनदा पायऱ्या हव्यातच. सपाट रंकाळ्यानं उताराची तयारी होत नाही.

मीठभाकर | ५ मे, रात्री १०.०२

सगळं ताणण्यावर नेलंत. मिठाचं काय? घामानं मीठ जातं म्हणूनच गोळा येतो हे पिढ्यान् पिढ्या सांगतात ते काय उगीच?

गोळी_पाकीट_बिल | ५ मे, रात्री १०.४४

उगीच नाही, पण अर्धं. घामात मुख्य सोडियम जातं, लिटरमागे साधारण एक ग्रॅम, माणसागणिक कमी-जास्त. पोटॅशियम त्याच्या पाव भागाच्या आसपास, मॅग्नेशियम तर नावापुरतं. म्हणजे घामानं जे जातं ते केळ्यात नाही आणि केळ्यात जे आहे ते फारसं गेलेलं नसतं. शिवाय केळं पोटातून रक्तात उतरेपर्यंत गोळा केव्हाच गेलेला असतो. शहाळ्याचंही तसंच, पोटॅशियम भरपूर, सोडियम थोडं. दोन्ही खुशाल घ्या, गोळ्याचं औषध म्हणून नको.

आणि मीठ कमी पडलं असतं तर गोळे अंगभर यायला हवेत. ते येतात फक्त दमलेल्या स्नायूला.

पन्हाळवाट | ५ मे, रात्री ११.१०

इथं थोडा विरोध नोंदवतो. तीन-चार तासांच्या चढात, मे महिन्यात, काही लोकांच्या टोपीवर आणि बनियनवर वाळल्यावर पांढऱ्या रेघा उठतात. अशांना नुसतं पाणी ढोसून भागत नाही. उलट साध्या पाण्याच्या चार-पाच बाटल्या रिचवल्या तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं जड, मळमळ, बरळणं. ते गोळ्यापेक्षा वाईट.

अंदाज काढायची रीत सोपी आहे. निघण्याआधी लघवी करून वजन करा, आल्यावर अंग पुसून त्याच कपड्यांत परत करा. ७२.० चे ७१.२ झाले आणि मध्ये ३०० मिली पाणी प्यालात, तर घाम १.१ लिटर. तासाला एवढा जात असेल तर दर १५-२० मिनिटांनी १५० मिली घोटघोट घ्या. सगळा भरून काढायचा हट्ट नको. आल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त झालं.

गोळी_पाकीट_बिल | ६ मे, सकाळी १०.२०

मान्य, लांब चढाला तुमचं बरोबर. मग ओआरएस नीट घ्या. मोठं पाकीट एक लिटरचं असतं, त्यात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, सायट्रेट २.९. ते ग्लासभर पाण्यात ओतायचं नाही, अख्खं लिटरभर पाण्यात. अर्धं पाकीट अर्ध्या लिटरला हे गणितही नको, पूड सारखी मिसळलेली असेलच असं नाही. २०० मिलीची छोटी पाकिटं मिळतात. कालवलेलं २४ तासांत संपवा. घरी करायचं तर लिटरला सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. साखरेऐवजी गूळ घातला तर चव आपली, पण माप डळमळतं.

खोक्यातली गोड फळपेयं ओआरएस समजून घेऊ नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, अशा पेयांच्या नावात ओआरएस वापरायला बंदी घातली, ती उगीच नव्हे.

आणि पाऊण तासाच्या सपाट फेरीला यातलं काहीच लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ म्हणते, आपण ते जेवणाआधीच, लोणचं-पापड-ठेच्यातच संपवतो. बीपी असेल तर जादा मीठ पाण्यात घालून पिणं हा गोळ्यापेक्षा महाग सौदा.

रंकाळा_सहाची_फेरी | ६ मे, दुपारी १२.०५

मग लोणच्याची फोड कुठून आली?

घोटा_ते_गुडघा | ६ मे, दुपारी २.३०

त्यात गंमत आहे. अमेरिकेत काकडीच्या लोणच्याचं आंबट पाणी खेळाडू पितात. २०१० साली प्रयोगशाळेत विजेच्या झटक्यानं गोळा आणून बघितलं, तर ते पाणी प्यायलेल्यांचा गोळा साधं पाणी प्यायलेल्यांपेक्षा सरासरी ४९ सेकंद आधी सुटला. इतक्या वेळात मीठ रक्तात पोचूच शकत नाही. म्हणजे काम मिठाचं नव्हे, तोंडा-घशाला बसलेल्या आंबट झणक्यानं चेतासंस्थेला जो धक्का बसतो त्याचं, असा अर्थ काढतात. ते व्हिनेगरचं पाणी होतं, आपलं तेलातलं लोणचं नव्हे. त्याची कुणी चाचणी घेतलेली नाही. रात्री तीनला फोड चघळून पित्त उसळलं तर दोन दुखणी. आधी पंचा.

गोळी_पाकीट_बिल | ६ मे, सायंकाळी ६.५०

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. गोळ्याचं कारण पुष्कळदा गोळीत असतं. बीपीच्या औषधाचं पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. नावाच्या शेपटीला एच, सीएच किंवा सीटी असं काही असेल तर आत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असू शकतं, म्हणजे लघवी वाढवणारं औषध. त्यानं सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम तिन्ही उतरू शकतात. त्याच गोळीत पुष्कळदा टेल्मिसार्टन हे बीपीचं दुसरं औषध असतं, ते मात्र पोटॅशियम वाढवतं. दोन्ही एकत्र असताना अंदाज बांधणं अशक्य, म्हणून रक्त तपासूनच बोलायचं. नुसतं टेल्मिसार्टन घेणाऱ्यानं किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यानं रोज दोन शहाळी हा प्रयोग करू नये.

कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिननं स्नायू दुखतात. दोन्ही बाजूंना, मांड्या-दंडांत, जड वाटतं. ते थोडं वेगळं दुखणं, पण लोक त्यालाही गोळाच म्हणतात. दम्याचे दीर्घकाळ काम करणारे काही पंपही यादीत आहेत. कुठलंही औषध आपल्या मनानं बंद करायचं नाही, पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरपुढे ठेवायची. त्यांना नावं सांगण्यापेक्षा ते बरं.

मॅग्नेशियम: वयस्कर लोकांवरच्या चाचण्या एकत्र करून बघितल्या तर गोळे कमी व्हायला त्याचा म्हणावा असा उपयोग दिसत नाही. जुलाब मात्र होतात. क्विनाईन, म्हणजे हिवतापाचं जुनं औषध, पूर्वी यासाठी सर्रास देत. प्लेटलेट उतरणं आणि हृदयाचे ठोके बिघडणं यामुळे अमेरिकेच्या एफडीएनं (तिथलं औषध नियामक खातं) २००६ मध्ये त्याविरुद्ध बजावलं. जुनी चिठ्ठी घेऊन कुणी मागायला आलं तर नाहीच म्हणायचं.

मीठभाकर | ६ मे, रात्री ९.०१

बरं, मीठ सोडलं. रोज करायचं काय ते सांगा, पण दहा मिनिटांत बसेल एवढंच.

घोटा_ते_गुडघा | ६ मे, रात्री ९.५५

सहा-सात मिनिटांत होतं.

झोपायच्या आधी भिंतीपासून दोन-अडीच फुटांवर उभं राहा. एक पाय मागे, गुडघा ताठ, टाच खाली, १० सेकंद, तीन वेळा. मग तोच गुडघा थोडा वाकवून टाच खालीच ठेवून परत तीन. यानं आतला चपटा स्नायू ताणला जातो, तो लोक विसरतात. मग पलंगाच्या काठावर एक पाय लांब करून पाठ सरळ ठेवत पुढे झुका, मांडीच्या मागे ओढ येईस्तोवर. दुसरा पाय तसाच. नेदरलँड्समध्ये २०१२ साली पंचावन्नच्या पुढच्या लोकांवर अशीच चाचणी झाली. सहा आठवडे झोपताना पोटरी आणि मांडीची मागची बाजू ताणली, रात्रीचे गोळे संख्येनं आणि जोरानं दोन्हींनी कमी झाले. सहा आठवडे म्हणजे सहा आठवडे. चार दिवसांत सोडलं तर हिशेब लागत नाही.

पण ताणणं हे रात्रीच्या गोळ्याचं. व्यायामातला गोळा थकव्याचा, त्याला ताकदच लागते. घरातल्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर चवडे टेकवा, टाचा बाहेर, हात कठड्याला. दोन्ही पायांवर वर चढा, मग एक पाय उचलून दुसऱ्यावर तीन आकडे मोजत टाच पायरीच्या खाली सोडा. १० वेळा, तीन फेऱ्या, एक दिवस आड. सुरुवातीला दोन्ही पायांवरच उतरलं तरी चालेल. पायरी गुळगुळीत फरशीची असेल तर अनवाणी नको आणि मोजे घालून तर नकोच. टाचेच्या मागच्या कंडरेत सकाळी कळ येत असेल तर पायरीखाली न जाता सपाट जमिनीवर करा.

लाल_माती | ६ मे, रात्री १०.१८

आणि पायताण. कोल्हापुरी चप्पल आपला अभिमान हाय, पण ती फेरीला नाही. तळवा सपाट, टाचेला उंची नाही, मागून बंद नाही. चप्पल पायात राहावी म्हणून बोटं सारखी आवळली जातात. लग्नाला घाला, रंकाळ्याला बूट. आणि वर्षानुवर्षं उंच टाचेचं घालणाऱ्यानं एकदम सपाट बुटावर येऊ नये, आखूड झालेली पोटरी ओरडते. हळूहळू उतरा.

पन्हाळवाट | ६ मे, रात्री १०.४०

डॉक्टरकडे कधी ते राहिलं.

घोटा_ते_गुडघा | ७ मे, दुपारी १.४०

खरा गोळा हाताला कडक लागतो, काही सेकंदांपासून काही मिनिटांत सुटतो. त्या चौकटीत न बसणारं सगळं संशयास्पद.

एकच पोटरी सुजली, गरम लागते, दुखणं तासन् तास हटत नाही: शिरेत गुठळी असू शकते. मालिश अजिबात नको, त्याच दिवशी दाखवा. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर सरळ इमर्जन्सी, मग कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय असो की जवळचं कुठलंही.

दर वेळी ठरावीक अंतर चाललं की पोटरी भरून येते आणि नुसतं उभं राहिलं तरी दोन-चार मिनिटांत उतरते: धमनी अरुंद झाल्याचं लक्षण. तंबाखू आणि मधुमेहवाल्यांनी विशेष लक्ष द्या. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं प्रमाण काढतात, ०.९ किंवा त्याखाली आलं तर रक्तपुरवठा कमी. याच्या उलट, उभं राहून बरं वाटत नाही पण बसलं किंवा पुढं वाकलं की वाटतं, सायकल चालते पण चालणं जमत नाही: तिथं कमरेतली नस बघावी लागते.

व्यायामानंतर लघवी चहासारखी काळपट आणि अंगात त्राण नाही: स्नायू फुटलेत, थांबू नका.

मधुमेहात पावलाची जाणीव कमी असेल तर शेकण्याची पिशवी आधी हाताच्या कोपरावर लावून बघा. पायाला चटका कळत नाही, फोड सकाळी दिसतो.

गोळी_पाकीट_बिल | ७ मे, दुपारी २.१५

तपासण्यांत भर: सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन, थायरॉइड, साखर, ड जीवनसत्त्व. शाकाहारी असाल किंवा मधुमेहाचं मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-१२ सुद्धा. स्टॅटिनवाल्यांना सीपीके, म्हणजे स्नायूंची झीज दाखवणारी रक्ततपासणी, सांगतात. त्याआधी चार-पाच दिवस जोर-बैठका आणि डोंगर बंद ठेवा, नाहीतर मेहनतीनंच आकडा चढतो आणि दोष औषधावर जातो.

रंकाळा_सहाची_फेरी | ७ मे, रात्री ९.३०

टाचेच्या व्यायामाची पायरी किती उंच हवी? आमच्या जिन्याची पायरी सात इंच आहे.

घोटा_ते_गुडघा | ७ मे, रात्री ९.४२

उंची चालेल, चार इंचांवर कितीही. रुंदी बघा. पावलाचा पुढचा एक तृतीयांश भाग पूर्ण टेकला पाहिजे, नुसती बोटं टेकून उभं राहिलात तर तळपायालाच गोळा येईल.